पुढचा प्रवासी किती रुपयांना पडतो?

कॅनडात टोरंटोच्या उत्तरेला इनिसफिल नावाचं एक छोटं शहर आहे. २०१६ च्या जनगणनेत वस्ती छत्तीस-सदतीस हजारांची, घरं लांबलांब विखुरलेली, आणि शहराची स्वतःची बससेवा नव्हती. २०१७ च्या सुमारास तिथल्या नगरपालिकेने हिशेब मांडला. एक बस वर्षभर चालवायची तर २ लाख ७० हजार डॉलर लागणार होते, दोन चालवायच्या तर ६ लाख १० हजार. एवढा खर्च करूनही दोन बस किती घरांच्या जवळून जाणार? मग त्यांनी बस घेण्याचा नाद सोडला आणि उबरशी करार केला. नागरिकाने मोबाइलवरून गाडी बोलवायची, स्टेशन, वाचनालय, नगरपालिका अशा ठरलेल्या ठिकाणी जायला ३ ते ५ डॉलर द्यायचे आणि उरलेलं भाडं नगरपालिकेने भरायचं.

पहिल्या वर्षासाठी १ लाख डॉलर बाजूला काढले होते. लोकांना सेवा आवडली, आणि तिथेच पंचाईत झाली. २०१८ मध्ये खर्च ६ लाख डॉलरच्या वर गेला. २०१९ मध्ये तिकीट एका डॉलरने वाढवावं लागलं आणि माणशी महिन्याला ३० फेऱ्यांची मर्यादा घालावी लागली. रोज कामाला जाणाऱ्याला जाऊन-येऊन महिन्याला चाळीस-पन्नास फेऱ्या लागतात, म्हणजे ज्याला गरज सर्वांत जास्त त्याच्या फेऱ्या महिना संपण्याआधीच संपल्या. बसला गर्दी वाढली म्हणून प्रवाशाला ‘या महिन्यात तुमचा कोटा संपला’ असं कुणी सांगितल्याचं ऐकिवात नाही.

गरिबांच्या रिक्षा-टॅक्सीच्या भाड्यात सरकारने वाटा उचलावा का, हा प्रश्न आपल्याकडेही अधूनमधून निघतो. त्याचं उत्तर दयाळूपणाच्या बाजूने किंवा फुकटेपणाच्या रागाने देण्याआधी इनिसफिलमध्ये नेमकं काय घडलं ते समजून घ्यायला हवं. तिथे भ्रष्टाचार झाला नव्हता, कुणी फसवलंही नव्हतं. योजना यशस्वी झाली होती आणि तेवढ्यानेच ती महाग पडली.

पंगतीत एक पान जास्त वाढायला यजमानाला फारसं काही लागत नाही, आचारी तोच आणि भातही उरणारच असतो. हॉटेलात एक माणूस वाढला की बिलात एक अख्खी थाळी वाढते. बस ही पंगत आहे आणि टॅक्सी ही थाळी.

आकडे घालून बघू. हे आकडे हिशेब कळावा म्हणून घेतलेले आहेत, कुठल्याही आगाराचे नाहीत. समजा, एका मार्गावर दिवसभर बस फिरवायला ६,००० रुपये लागतात, मग ती भरून जावो की रिकामी. तिकीट २० रुपये. दिवसाला वीसच प्रवासी आले तर तिकिटाचे ४०० रुपये जमले आणि ५,६०० सरकारने घातले, म्हणजे माणशी २८० रुपये. हा शुद्ध अपव्यय आहे. आता त्याच मार्गावर दोनशे प्रवासी येऊ लागले तर तिकिटाचेच ४,००० जमतात, सरकारला २,००० घालावे लागतात आणि माणशी अनुदान १० रुपयांवर येतं.

टॅक्सीचं बघा. एका फेरीचं भाडं १५० रुपये, त्यातले ४० प्रवाशाने द्यायचे आणि ११० सरकारने. वीस प्रवासी असतील तर सरकारचे २,२०० जातात, बसपेक्षा निम्म्याहून कमी. दोनशे झाले तर २२,००० जातात. बसमध्ये माणसं वाढली तशी माणशी सबसिडी घटत गेली. टॅक्सीत ती जागची हलत नाही, पहिल्या प्रवाशाला ११० आणि दोनशेव्यालाही ११०. या उदाहरणात दोन्हींचा खर्च साधारण छेचाळीस प्रवाशांपाशी सारखा होतो. त्याच्या खाली टॅक्सी स्वस्त, वर बस स्वस्त. गाडीत दोघा-तिघांना एकत्र बसवलं तर हा आकडा वर सरकतो, पण गणिताची जात बदलत नाही.

म्हणजे ‘सरकारने द्यावं की नाही’ याचं उत्तर तत्त्वावर जेवढं अवलंबून आहे तेवढंच त्या वेळी, त्या रस्त्यावर किती माणसं आहेत यावर आहे. मुंबईत सकाळी ऑफिसच्या वेळी कुर्ला स्टेशनवरून बीकेसीतल्या कचेऱ्यांकडे जाणाऱ्यांना टॅक्सीचं अनुदान देणं वेडेपणाचं ठरेल, कारण तिथे माणसांची रांग आहे, बस लावली की भरणार. रात्री साडेअकराला एखाद्या औद्योगिक वसाहतीतून सुटणाऱ्या सात कामगारांसाठी चव्वेचाळीस आसनांची बस फिरवणं तितकंच वेडेपणाचं.

इनिसफिलच्या आधी, २०१६ मध्ये, अमेरिकेतल्या फ्लोरिडात पिनेलस काउंटीच्या बससेवेने हा फरक ओळखला होता. त्यांची एक योजना ठरावीक बसथांब्यापर्यंत जाण्यापुरती होती: निम्मं भाडं बससेवा देणार, पण ३ डॉलरपर्यंतच. त्यापुढचं प्रवाशाचं. दुसरी योजना खास कमी उत्पन्नाच्या कामगारांसाठी होती, रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत, बस बंद असताना, महिन्याला ठरावीक फेऱ्या. उत्पन्न सरकारी दारिद्र्यरेषेच्या दीडपटीहून कमी असायला हवं ही अट. मोबाइल नसलेल्यांसाठी टॅक्सीचाही पर्याय ठेवला होता, ही मला त्यातली सर्वांत शहाणपणाची गोष्ट वाटते. अॅपवरच्या योजना आखणाऱ्यांना नेहमी वाटतं की गरिबाच्या हातात चार्ज केलेला फोन असतोच.

दोन्ही ठिकाणांच्या करारात एक बारीक फरक आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. इनिसफिलमध्ये ठरलेल्या ठिकाणी जायचं तर प्रवाशाचा वाटा पक्का होता आणि उरलेलं, म्हणजे लांबचं अंतर असो की वाढलेलं भाडं, नगरपालिकेच्या डोक्यावर. पिनेलसच्या पहिल्या योजनेत सरकारचा वाटा पक्का आणि उरलेलं प्रवाशाच्या डोक्यावर. भाडं कधी वाढेल याचा भरवसा नसतो तेव्हा ती जोखीम कुणीतरी उचलतोच. सरकारने उचलली तर तिजोरीला भोक पडतं, गरिबाने उचलली तर पावसाळी रात्री भाडं दुप्पट झाल्यावर तो भिजत चालत जातो. म्हणून भाड्याची कमाल मर्यादा आधी ठरल्याशिवाय अनुदानाची चर्चाच सुरू करू नये, असं माझं मत आहे.

शिवाय सरकार निम्मं देणार हे कळल्यावर भाडं तेवढंच राहील, ही समजूत भाबडी आहे. आपण हे एकदा पाहिलेलं आहे. २०१५-१६ च्या सुमारास मुंबई-पुण्यात ओला-उबरच्या शेअर गाड्या रिक्षापेक्षा स्वस्त पडायच्या. तंत्रज्ञानाची कमाल म्हणून लेख छापून येत होते. खरं तर प्रत्येक फेरीत गुंतवणूकदारांचे पैसे होते, म्हणजे सबसिडीच ती, सरकारऐवजी खासगी. ते पैसे आटले तसं प्रवाशाचं भाडं चढलं आणि चालकांचा प्रोत्साहन भत्ता उतरला. २०१८ च्या ऑक्टोबरात मुंबईतल्या चालकांनी संप केला. शेअरची सोय पुढे कोरोनाच्या टाळेबंदीत बंद पडली. मधल्या काळात ज्यांनी त्या भाड्याच्या भरवशावर लांब घर घेतलं किंवा कर्ज काढून गाडी घेतली, त्यांचं काय झालं याचा विचार कुणी केला नाही. सरकारी अनुदान बंद झाल्यावरही हेच होईल, आणि सरकारी योजना बंद होतातच.

आता महाराष्ट्राकडे. इथे ‘गरिबांना शेअर प्रवासासाठी मदत’ म्हटलं की शहरी डोळ्यांसमोर मोबाइलवरची टॅक्सी येते. पण गरीब माणूस ज्या शेअर गाडीत बसतो तिला अॅप नाही. पश्चिम महाराष्ट्रात ती वडाप आहे, मराठवाडा-विदर्भात काळी-पिवळी, अलिबागकडे मिनिडोर, कुठे टमटम, शहरात शेअर रिक्षा. चौकात उभं राहायचं, ‘चला, दोन सीट, दोन सीट’ अशी हाक येते, आणि गाडी भरल्याशिवाय हलत नाही. हे सगळं कुठल्याही सरकारी मदतीशिवाय वर्षानुवर्षं चाललेलं आहे.

सरकार प्रवासावर खर्च करत नाही असं मात्र नाही, उलट भरपूर करतं. २०२२ च्या ऑगस्टपासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना एसटी मोफत आहे. १७ मार्च २०२३ पासून सर्व महिलांना एसटीत अर्धं तिकीट आहे. दिल्लीने २०१९ मध्ये, तमिळनाडूने २०२१ मध्ये (साध्या टाउन बसपुरता) आणि कर्नाटकाने २०२३ मध्ये बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकटच केला. एसटीतली सवलत कंडक्टरने तिकीट फाडताना मिळते. उत्पन्नाचा दाखला नको, तहसीलचा हेलपाटा नको, पिवळं कार्ड की केशरी हा प्रश्न नको. श्रीमंत बाईलाही ती मिळते हे खरं, पण श्रीमंत बाई लाल परीत चढते किती वेळा? वाहनच गाळणी बनतं. लाडक्या बहिणीचे पंधराशे रुपये नेमके कुणाला द्यायचे यावरून छाननीचा जो घोळ पुढे चालला, तो आठवला की या साधेपणाची किंमत कळते.

पण या सवलतीला एक मोठी अट आहे, ती जीआरमध्ये कुठेही लिहिलेली नाही: तुमच्या गावाला एसटी यायला हवी. ज्या गावाला दिवसातून दहा फेऱ्या आहेत तिथल्या बाईचं भाडं निम्मं झालं. ज्या गावची गाडी बंद झाली तिथली बाई वडापला पूर्ण पैसे मोजते, काही वेळा एसटीच्या पूर्ण तिकिटापेक्षाही जास्त. २०२१-२२ चा संप लांबला तेव्हा तर महिनोन्‌महिने गावोगावी हीच गाडी होती. मदतीची गरज कुणाला जास्त आहे हे उघड आहे, आणि मदत कुणाला मिळते तेही. आपलं अनुदान वाहनाच्या मागे जातं आणि वाहन जिथे जात नाही तिथे तेही जात नाही.

मग वडापच्या प्रवाशाला सीटमागे पैसे द्यायचे का? इथे मी ठामपणे नाही म्हणेन, आणि कारणं तीन आहेत, सारख्या वजनाची नाहीत.

हलकं कारण आधी. वडापला तिकीट नाही, त्यामुळे किती माणसं बसली याचा हिशेब नाही. सीटमागे दहा रुपये सरकार देणार म्हटलं की कागदावर प्रत्येक जीप गच्च भरून धावू लागेल.

दुसरं कायद्याचं. मोटार वाहन कायद्यात प्रवासी वाहनांचे दोन ढोबळ प्रकार आहेत. टप्पा वाहतूक, म्हणजे वाटेत माणसं घेत-सोडत, प्रत्येकाकडून वेगळं भाडं घेत जाणारी गाडी. आणि कंत्राटी वाहतूक, म्हणजे अख्खी गाडी एकाने ठरवलेली. वडापच्या बहुतेक गाड्यांकडे असला तर दुसरा परवाना असतो आणि काम पहिल्या प्रकारचं चालतं. म्हणून पेपरात त्यांचं नाव ‘अवैध प्रवासी वाहतूक’ असं येतं आणि अधूनमधून कारवाई होते. ज्या गाडीला आरटीओ दंड करतो तिच्याच प्रवाशाला समाजकल्याण खात्याने पैसे द्यायचे, हे सरकारी फायलीतसुद्धा जमणार नाही.

तिसरं कारण मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं, आणि त्यावर बोललं जात नाही. गरिबाच्या प्रवासाचा खर्च आज नेहमी गरीबच करतो असं नाही. कापूस वेचायला किंवा कांदा काढायला बायकांची टोळी पिकअपमधून जाते तेव्हा गाडीभाडं बऱ्याच ठिकाणी शेतमालक देतो. तो देतो कारण नाही दिलं तर टोळी शेजारच्या शिवारात जाईल. उद्या हे भाडं सरकारने भरलं तर बायकांची मजुरी वाढणार नाही, मालकाचा खर्च तेवढा वाचेल. शहरातही हेच आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार (२०१७) रात्री साडेनऊनंतर महिलांना कामावर ठेवायचं तर त्यांची संमती, सुरक्षितता आणि घरी पोचवण्याची व्यवस्था ही मालकाची जबाबदारी आहे. आयटी कंपनीच्या दारात रात्री गाड्या उभ्या असतात त्या उगाच नाही. त्याच इमारतीतल्या ठेकेदाराच्या साफसफाई कामगार बाईला ती गाडी मिळते का, हा प्रश्न विचारायला हवा. तिथे सरकारने रिक्षाचे पैसे द्यायला सुरुवात केली तर ठेकेदाराची जबाबदारी आपण करदात्याच्या गळ्यात घातली असं होईल. रात्रपाळीच्या सबसिडीआधी मालकाकडून कायदा पाळून घेणं स्वस्तही आहे आणि न्यायाचंही.

म्हणजे सरकारने घरून दारापर्यंतच्या गाडीचे पैसे कधीच देऊ नयेत असं म्हणायचं आहे का? नाही. ते सरकार आजही देतं. २०११ मध्ये केंद्राने जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आणला. त्यात गरोदर बाईला घरातून सरकारी दवाखान्यात नेणं, गरज पडली तर मोठ्या रुग्णालयात हलवणं आणि बाळंतपणानंतर घरी सोडणं, सगळं मोफत आहे. हा अनुदानित प्रवासच आहे, फक्त त्याला कुणी तसं म्हणत नाही. तो टिकला आहे कारण त्याची मागणी आपोआप मर्यादित आहे. गाडी फुकट आहे म्हणून कुणी जास्त वेळा बाळंत होत नाही. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीनदा जाणारा रुग्ण, केमोथेरपीच्या तारखा घेतलेला रुग्ण, यांनाही हाच न्याय लावता येईल. तारखा दवाखान्याच्या वहीत असतात, फेऱ्या मोजता येतात, आणि चुकलेल्या डायलिसिसचा खर्च गाडीभाड्यापेक्षा कितीतरी मोठा असतो. इथे टॅक्सीला पैसे देण्याबद्दल मला शंका नाही.

रोजच्या प्रवासाचा प्रश्न मात्र उरतोच. शेवटची गाडी साडेपाचला निघून जाते, मग कॉलेजचा जादा तास, बाजार, उशिरा सुटलेला कारखाना, सगळ्यांचा दिवस तिच्या वेळेला बांधलेला. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमात १२५ मागास तालुक्यांत शाळकरी मुलींसाठी निळ्या बसेस दिल्या गेल्या, त्यांनी शाळेपुरता हा प्रश्न बराच सोडवला. बाकीच्यांसाठी काय?

इथे पुन्हा पंगतीच्या गणिताकडे जावं लागतं. वडाप महाग पडते ती सीटमागे पैसे दिले तर. फेरीमागे दिले तर तीच सात-आठ आसनांची गाडी बससारखी वागू लागते. समजा, तालुक्याच्या गावाहून एका मार्गावर संध्याकाळी सात, आठ आणि नऊ वाजता गाडी सुटलीच पाहिजे, भरलेली असो वा नसो, असा करार केला. भाडं एसटीच्या टप्प्याप्रमाणे ठरलेलं, महिलांना अर्धं, ज्येष्ठांना मोफत. तिकिटाचे पैसे चालकाचे. त्याउपर फेरीमागे किती पैसे हवेत ते गाडीवाल्यांनी सांगायचं आणि जो कमी मागेल त्याला मार्ग मिळेल. सरकारचा खर्च फेऱ्यांइतका, म्हणजे आधीच माहीत असलेला. आठवा प्रवासी आला तर सरकारला एक पैसा जास्त लागत नाही, चालकाला मात्र चार पैसे जास्त मिळतात, त्यामुळे तो वाटेत थांबून माणसं घेतो. आणि प्रवाशाला वडापची सर्वांत मोठी कटकट, गाडी भरेपर्यंत चौकात तासभर बसून राहणं, तिच्यातून सुटका मिळते.

खासगी गाड्या कराराने घेऊन सार्वजनिक सेवा चालवणं आपल्याला नवं नाही. मुंबईत बेस्ट गेली काही वर्षं ठेकेदारांच्या बस किलोमीटरमागे पैसे देऊन चालवते. त्यातले धोकेही मुंबईकरांनी पाहिले आहेत: दर परवडत नाही म्हणून काही ठेकेदार मध्येच गाड्या काढून घेऊन गेले, आणि थांब्यावरच्या रांगा लांबल्या. सर्वांत कमी मागणाऱ्याला मार्ग देताना डिझेलचे भाव वाढले तर दर कसा बदलेल हे करारात आधीच लिहिलेलं हवं. पैसे महिन्याच्या महिन्याला मिळायला हवेत. एसटीसारखं मोठं महामंडळ सवलतीच्या पैशांची वाट बघत कसंबसं तग धरतं, एका जीपवाल्याचा हप्ता दोन महिने थकला तर गाडी फायनान्सवाला ओढून नेतो.

एसटीच्या कर्मचाऱ्यांचा याला विरोध असेल, आणि तो समजण्यासारखा आहे. वडापने एसटीचे प्रवासी पळवले ही त्यांची जुनी तक्रार आहे आणि ती खोटी नाही. गर्दीच्या मार्गावर, गर्दीच्या वेळी, बसच्या पाच मिनिटं पुढे पळून मलई काढायची आणि रात्रीची तोट्याची फेरी एसटीने मारायची, असं चालत आलं आहे. म्हणून असा करार फक्त जिथे आणि जेव्हा एसटी जात नाही तेवढ्यापुरताच असायला हवा, आणि तो एसटीच्या आगारानेच करायला हवा. उद्या त्याच मार्गावर माणसं वाढली, रोज चाळीस-पन्नास होऊ लागली, तर जीप काढून बस लावण्याचा अधिकार आगाराकडे राहील. इनिसफिलने हा रस्ता ठेवला नव्हता. तिथे प्रवासी वाढल्यावर बसकडे वळण्याऐवजी प्रवाशांवरच मर्यादा आली.

परवान्याचं काम मात्र आधी करावं लागेल. अशा गाड्यांना ठरावीक मार्गापुरता टप्पा वाहतुकीचा परवाना मिळाला की आसनसंख्या, विमा, चालकाचा बॅज हे तपासणं भाग पडतं. आज नऊजणांच्या जीपमध्ये पंधराजण कोंबलेले असताना अपघात झाला की विमा कंपनी परवान्याचं कारण पुढे करते आणि भरपाईचा दावा न्यायाधिकरणात वर्षानुवर्षं रेंगाळतो. सुरुवात कुठून करायची यासाठी समिती नेमायचीही गरज नाही. कुठल्या गावची मुक्कामी गाडी कधी बंद झाली आणि कुठली संध्याकाळची फेरी कुठल्या साली काढली, ही यादी प्रत्येक आगारप्रमुखाच्या टेबलावर आहे.